खेळ थांबल्यावर काय बोलायचं

प्रश्न: मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. वर्गात चाळीसच्या वर मुलं आहेत, त्यातली निम्मी घरी तेलुगू बोलतात. राग, भीती, दुःख मुलांना ओळखता यावं म्हणून मी गटात खेळ घेऊन पाहिले. मुलं हसतात, दंगा करतात, एखादं मूल रडतं आणि तास संपतो. भावनांबद्दल बोलणं राहूनच जातं. मुख्याध्यापक म्हणतात, अभ्यास बुडतोय. कोणते खेळ घ्यावेत आणि कसे?

उत्तर:

ताई, खेळात एखादं मूल रडतं, हे तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमचा खरा तास तिथे सुरू होतो.

भावनांचा खेळ म्हटलं की आपल्याला रागाचा चेहरा, दुःखाचा चेहरा करून दाखवणं आठवतं. त्यात मुलं अभिनय करतात. पण संगीत खुर्चीत बाद झालेली मुलगी अभिनय करत नसते. तिच्या घशात खरंच दाटून आलेलं असतं आणि जिने तिला ढकलून खुर्ची पटकावली तिचा खरंच संताप आलेला असतो. ही भावना खरी असते आणि लहानही असते. थोड्या वेळात ओसरते, आणि सगळ्या वर्गाने ती घडताना पाहिलेली असते. शिकायला इतकी सोयीची भावना दुसरी मिळणार नाही. घरातलं मोठं दुःख वर्गात उकरून त्यावर धडा घेणं धोक्याचं असतं. बाद होण्याचं दुःख मात्र सगळ्यांसमोर उलगडता येतं आणि त्याने कुणाला इजा होत नाही.

म्हणून भावनांसाठी खास खेळ शोधत बसू नका. मुलांना येणारे खेळ घ्या आणि बोलण्याची वेळ आधी राखून ठेवा. तास पस्तीस मिनिटांचा असेल तर खेळ पंधरा मिनिटांचा, गोल करून बसायला पाच, बोलायला उरलेली पंधरा. खेळ रंगात असतानाच थांबवायचा. ‘बाई, अजून एकदाच’ असा गलका झाला की समजायचं, आता थांबवण्याची वेळ झाली. पार दमून, भांडून झाल्यावर गोलात बसवलेली मुलं बोलत नाहीत.

आता बोलायचं काय? मी चार प्रश्न विचारते आणि त्यांचा क्रम सहसा बदलत नाही. काय झालं? अंगात कुठे कळलं? तेव्हा काय करावंसं वाटलं? आणि तू काय केलंस?

यातला दुसरा प्रश्न मुलांना सर्वांत आवडतो. ‘तुला काय वाटलं?’ असं विचारलं तर चौथीतलं मूल ‘छान वाटलं’ किंवा ‘वाईट वाटलं’ म्हणून मोकळं होतं. अंगात कुठे कळलं म्हटलं की कान गरम झाले, पोटात गोळा आला, हात शिवशिवले, पाय जड झाले, अशी उत्तरं येतात आणि ती खोटी नसतात. राग डोक्यात पोचण्याआधी कानाला कळतो, हे एकदा लक्षात आलं की पुढच्या वेळी कान तापल्यावर त्या मुलाला खबर मिळते.

तिसरा आणि चौथा प्रश्न वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. ढकलावंसं वाटणं आणि ढकलणं यांत अंतर आहे, ते मुलांना कुणी दाखवूनच दिलेलं नसतं. ‘मला त्याला चापट मारावीशी वाटली’ असं एखादा मुलगा म्हणाला की आपण पटकन ‘असं वाटू नये’ म्हणतो. तिथेच गडबड होते. वाटू द्या. ‘वाटली ना? आणि तू काय केलंस?’ ‘काही नाही, मूठ आवळली.’ हे सांगणाऱ्या मुलाने मोठं काम केलेलं आहे आणि ते वर्गासमोर तसं म्हणायला हवं. मारावंसं वाटलं म्हणून त्याला अपराधी वाटायला लावलं, तर पुढच्या वेळी तो आपल्याला सांगणार नाही, फक्त मारेल.

‘का’ हा प्रश्न मी टाळते. ‘का रडतेस?’ हे आपल्या घरांत बहुतेक वेळा गप्प करण्यासाठीच विचारलं जातं. मुलांना त्यात दटावणी ऐकू येते आणि ती काहीतरी कारण रचून देतात.

भावनेला नाव दिल्याने काय होतं, याबद्दल एक माहिती तुमच्या उपयोगाची आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितला. तेव्हा मेंदूतल्या भीतीशी, धोक्याशी जोडलेल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. प्रयोग प्रौढांवरचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा मुलांना लावू नये. पण रडणाऱ्या मुलाला ‘आपला नंबर गेला म्हणून हिरमुसलायस ना?’ असं म्हटल्यावर त्याचा श्वास जरा लांब होतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

शब्द मात्र पुरवावे लागतात. मुलांकडे राग, आनंद, दुःख, भीती एवढे चारच डबे असतात आणि सगळं त्यांतच कोंबलं जातं. फळ्याच्या एका कोपऱ्यात दर आठवड्याला दोन शब्द लिहून ठेवा: वैताग, रुसवा, ओशाळणं, हेवा, धाकधूक, हुरहुर, हायसं वाटणं, खट्टू होणं. व्याख्या सांगू नका. त्या आठवड्यात खेळात तसं काही घडलं की बोट दाखवायचं, एवढंच. ज्यांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड आहे त्यांना आधी घरच्या शब्दात सांगू द्या, मग शेजारच्याने मराठीत सांगायचं. तुमच्या वर्गात हे काम करायला दुभाषी मुलं भरपूर आहेत, आणि एरवी मराठीच्या तासाला मागे पडणारं मूल इथे जाणकार ठरतं.

आता खेळांकडे येते.

सुरुवात चादरीपासून करा. सोलापुरी चादर शहरात घरोघर आहे. एका पलंगाची चादर साधारण पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब असते. तिच्या कडेने चौदा-पंधरा मुलं आरामात उभी राहतात, म्हणजे तीन जुन्या चादरींत तुमचा वर्ग बसला. वीण जाड असल्यामुळे ती जोराने ओढली तरी फाटत नाही आणि वर ठेवलेला कापडी चेंडू चांगला उसळतो. सगळ्यांनी कडा धरायची, चेंडू मध्ये ठेवायचा. आधी तो न पडू देता फक्त गोल फिरवायचा. मग तुम्ही सांगायचं, चादर आता झोपलीय, आता ती कंटाळलीय, आता चिडलीय, आता घाबरलीय. मुलं हातांनी तसतशी लाट काढतात. चिडलेली चादर चेंडू दूर भिरकावते. ‘आता चिडलेल्या चादरीला हळूहळू शांत करा, पण एकदम थांबवायचं नाही’ ही सूचना खरी. एकदम थांबवायला गेलं की चेंडू पडतो; लाट लहान लहान करत आणली तर राहतो. मुलं हे हातांनी शिकतात आणि नंतर कुणी चिडलं की आपापसांत ‘हळूहळू’ म्हणायला लागतात. इथे कुणी बाद होत नाही, अभिनय करावा लागत नाही आणि लाजणाऱ्या मुलाचे हातही सगळ्यांबरोबर हलत असतात. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांना हा खेळ चांगला.

दुसरा खेळ स्टॅच्यू. तुमच्या वर्गात हसण्याचा आणि दंग्याचा त्रास होतो तो बहुधा याच प्रकारच्या खेळात. सगळ्या वर्गाला एकदम ‘राग दाखवा’ म्हटलं तर चाळीस जण दात-ओठ खातात, एकमेकांकडे बघतात आणि फुटतात. हसणं म्हणजे बेशिस्त नव्हे, ते लाज झाकणं असतं. इलाज असा की अर्ध्या वर्गाने पुतळे व्हायचं आणि अर्ध्याने प्रदर्शन बघायला यायचं. बघणाऱ्यांनी हात मागे बांधून, न बोलता पुतळ्यांमधून फिरायचं. बघणाऱ्याला काम मिळालं की दंगा निम्म्यावर येतो.

पहिल्या फेरीत सगळ्यांचा राग सारखाच येईल, मूठ आणि डोळे वटारलेले, सिनेमातल्यासारखा. तो येऊ द्या. मग सांगा, ‘आता राग आल्यावर जो काहीच बोलत नाही, त्याचा पुतळा.’ आता पुतळे वेगळे होतात. कुणी भिंतीकडे तोंड करतं, कुणी नख कुरतडतं, कुणी हसतमुख राहून पायाचा अंगठा जमिनीत रुतवतं. मग ‘भीती वाटतेय पण दाखवायची नाही’, ‘आनंद झालाय पण मित्र नापास झालाय’. वयाने मोठ्या मुलांना अशा दुहेरी भावना फार आवडतात. फक्त एक नियम पाळा: कुठल्याही खऱ्या माणसाची नक्कल करायची नाही, घरातल्या, वर्गातल्या, शाळेतल्या कुणाचीच नाही.

याच खेळामुळे मी चेहऱ्यांच्या तक्त्यांवर फार भिस्त ठेवत नाही. दुकानात पिवळ्या गोल चेहऱ्यांचे तक्ते मिळतात, हा आनंदी, हा दुःखी. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने राग, भीती, किळस, आनंद, दुःख, आश्चर्य अशा सहा मूळ भावना चेहऱ्यावरून ओळखता येतात असं मांडलं, त्यातून हे तक्ते पसरले. त्या मांडणीवर नंतरच्या अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतले आहेत. आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत, नववा शांतरस पुढे मानला गेला. तीही मांडणी रंगमंचासाठी आहे. मुलांच्या दिवसातल्या कितीतरी गोष्टी, कंटाळा, हेवा, लाज, एकटं पडणं, यांना या कुठल्याच यादीत नीट घर नाही. तक्ता लावायचा तर लावा, पण ‘रडणारा चेहरा म्हणजे दुःख’ हे उत्तर बरोबर म्हणून तपासू नका. आपल्या वर्गात रागाने रडणारी मुलं दुःखाने रडणाऱ्यांपेक्षा कमी नसतात.

तिसरा खेळ माझा सर्वांत आवडता, काठी उतरवण्याचा. वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळ्या चिकटपट्टीने जोडून सहा-सात फूट लांब हलकी काठी करायची, किंवा बांबूची बारीक कामटी घ्यायची. आठ-दहा मुलं दोन्ही बाजूंनी समोरासमोर उभी करायची, सगळ्यांनी फक्त तर्जनी आडवी धरायची आणि त्या बोटांवर काठी ठेवायची. काम एकच, काठी जमिनीवर उतरवायची. नियमही एकच, कुणाचं बोट काठीपासून सुटता कामा नये. सोपं वाटतं. काठी मात्र वर चढायला लागते. आपलं बोट सुटू नये म्हणून प्रत्येक जण ते किंचित वर दाबतो, आणि दहा जणांचं किंचित मिळून काठी छातीपर्यंत जाते. पहिल्या मिनिटाला हसू, दुसऱ्या मिनिटाला आरडाओरडा: ‘ए, तू वर करतोयस!’ ‘मी नाही, ती करतेय!’ जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत हा खेळ घेतला की मुलं काठीला लगेच नंदीध्वज म्हणायला लागतात. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात उंच नंदीध्वज निघतात आणि प्रत्येकाच्या आजूबाजूला आधाराला, तोल सांभाळायला माणसं चालत असतात, हे सोलापूरच्या मुलाला सांगावं लागत नाही. तो धागा हाताशी घ्या.

थांबवून विचारायचं: तुम्ही कुणाकडे बोट दाखवलं? तुमच्याकडे कुणी दाखवलं तेव्हा अंगात कुठे कळलं? मग काठी वर का जाते, ते मुलांनाच शोधू द्या. कुणाचीही चूक नसताना सगळे एकमेकांवर चिडले होते, हे कळल्यावर वर्गात जी शांतता होते ती व्याख्यानाने आणता येत नाही. दुसऱ्या फेरीत कुणीतरी आपणहून ‘एक, दोन, एक, दोन, सावकाश’ असं म्हणायला लागतं आणि काठी खाली येते. बहुतेक वेळा ते मूल वर्गात पहिल्या पाचांत येणारं नसतं.

‘मामाचं पत्र हरवलं’ हा खेळ तुमच्या चौथीला अगदी योग्य आहे. रुमालाऐवजी घडी केलेली चिठ्ठी टाकायची. ज्याला ती सापडेल त्याने धावून झाल्यावर उघडून वाचायची. चिठ्ठीत एक प्रसंग: ‘सगळ्यांना वाढदिवसाचं चॉकलेट मिळालं, एकीचं राहिलं.’ ‘बाबांनी सर्कशीला न्यायचं कबूल केलं आणि त्या दिवशी त्यांना रात्रपाळी लागली.’ ‘नवीन चप्पल शाळेबाहेरून नाहीशी झाली.’ मग गोलातल्या सगळ्यांना विचारायचं, तिच्या जागी कोण कोण असून आलंय? हात वर करायचा, गोष्ट सांगायची सक्ती नाही. चिठ्ठ्या तुम्ही लिहा. मुलांकडून लिहून घेतल्या की अक्षर ओळखू येतं आणि एखाद्याची फजिती होते.

सहावी-सातवीच्या तुमच्या सहकाऱ्यांना राजा-राणी-चोर-शिपाई सुचवा. त्या वयात चादर आणि पुतळे ‘बारक्यांचे’ वाटतात. चौघांच्या गटात चिठ्ठ्या टाकायच्या, शिपायाने चोर ओळखायचा. खोटा आळ येणं म्हणजे काय, आपल्याकडे चोर असताना चेहरा सरळ ठेवताना छातीत काय होतं, आणि शिपायाला निष्पाप माणसाकडे बोट दाखवल्यावर कसं वाटलं, या तीन गोष्टींवर सातवीची मुलं तासभर बोलू शकतात. वर्गातलं पेन हरवल्यावर संशय नेहमी कुणावर जातो, हा विषय तिथून आपोआप निघतो.

मुलांच्या खेळांत दोन फार शहाण्या रीती आधीपासून आहेत, त्यांचा उपयोग करा. एक म्हणजे ‘टाइम प्लीज’. बूट सुटला, दम लागला की मूल ‘टाइम प्लीज’ म्हणतं आणि त्याला कुणी बाद करत नाही. वर्गात जाहीर करा की राग आला, रडू आलं तरी टाइम प्लीज चालेल. खिडकीपाशी एक जागा ठरवा, तिथे जाऊन पाणी प्यायचं, हवं तेव्हा परत यायचं. कुणी विचारणार नाही आणि कुणी चिडवणार नाही. ही सोय शिक्षेसारखी वापरू नका. ‘जा, खिडकीपाशी बस’ असं तुम्ही एकदा म्हणालात की ती जागा संपली.

दुसरी रीत कच्च्या लिंबाची. लहान भावंडाला खेळात घ्यायचं पण बाद करायचं नाही, ही मुलांनी स्वतः केलेली सोय आहे. त्यात माया आहे, पण कच्चा लिंबू होणाऱ्याला दरवेळी ती माया वाटत नाही. ‘मला खेळात घेतात पण मोजत नाहीत’ हे एखाद्या चौथीतल्या मुलाकडून ऐकाल तेव्हा लक्ष द्या. चालायला त्रास असलेलं, उशिरा बोलणारं, नव्याने शाळेत आलेलं मूल वर्गभर कच्चा लिंबू होऊन राहतं. त्याला चादरीची सूचना देणारा करा, काठीचा मोजणारा करा, म्हणजे ते मोजलं जाईल.

टाइम प्लीजला जोड म्हणून पाऱ्याचा खेळ घ्या. सोलापूरच्या मुलांना बेचाळीस अंश म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही, एप्रिल-मे अंगावर असतो. हजेरीच्या वेळी ‘हजर’बरोबर रागाचा पारा बोटांनी दाखवायचा, शून्य ते दहा. कारण विचारायचं नाही. ज्याने आठ-नऊ दाखवले त्याच्याकडे पहिल्या तासाला जरा जपून जायचं. तुम्हीही दाखवा. ‘माझा पारा आत्ता सहावर आहे, म्हणून मी दोन मिनिटं गप्प बसणार आहे’ असं बाईंनी म्हणणं आणि खरंच गप्प बसणं, याने मुलांना जे कळतं ते कुठल्याही खेळाने कळत नाही. उलटही तितकंच खरं. खेळात राग सांभाळायला शिकवून पुढच्या तासाला पट्टी उगारली तर मुलं पट्टीवरच विश्वास ठेवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केलेली आहे, आणि सगळ्यांसमोर ‘रडूबाई’ म्हणणं मुलाला चापटीइतकंच लागतं. मुलग्यांना ‘मुलगा असून रडतोस?’ म्हणणारं वर्गात कुणीही असो, तिथल्या तिथे थांबवा.

मुख्याध्यापकांना काय सांगायचं? २०११ साली जोसेफ डर्लॅक आणि सहकाऱ्यांनी अशा भावनिक-सामाजिक कार्यक्रमांच्या २१३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात बालवाडी ते बारावीचे २,७०,०३४ विद्यार्थी होते. वागण्यात आणि मन सांभाळण्यात फरक पडलाच, शिवाय अभ्यासातही सरासरी ११ शतमानांची वाढ दिसली. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मध्यावर असलेलं मूल अकरा जागा पुढे. बहुतेक कार्यक्रम अमेरिकेतले होते, हे त्यांना प्रामाणिकपणे सांगा. पण त्यातले दोन निष्कर्ष आपल्या कामाचे आहेत. बाहेरून तज्ज्ञ आणावे लागत नाहीत, वर्गशिक्षक हे काम उत्तम करतात. आणि जे कार्यक्रम पायरीपायरीने चालले, मुलांना हातपाय हलवायला लावणारे होते, त्यासाठी ठरावीक वेळ राखलेली होती आणि नेमकं काय शिकवायचं हे ज्यांत स्पष्ट होतं, त्यांचाच परिणाम चांगला दिसला. अधूनमधून एखादा खेळ घेऊन फारसं हाती लागत नाही. वेळेची अडचणही सुटू शकते. राज्याने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला आहे. तुमचा तास त्यात बसवा, म्हणजे गणिताचा तास गेला असं कुणी म्हणणार नाही.

आता जरा गंभीर भाग. मुलं बोलायला लागली की कधीतरी एखादं मूल असं काही सांगतं जे खेळात मावणारं नसतं: घरात मारहाण, दारू, कुणीतरी नको तसा हात लावणं. म्हणून ‘इथे बोललेलं बाहेर जाणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. ‘इथलं बोलणं आपण चिडवायला वापरायचं नाही, पण कुणी अडचणीत असेल तर मी मदत आणणार’ असं सुरुवातीलाच सांगा. मूल गोलात तसं काही बोलायला लागलं तर तिथे थांबवा, ‘हे मला नीट ऐकायचंय, आपण दोघं बोलू’ म्हणा आणि खेळ दुसऱ्याकडे सोपवा. नंतर ऐकताना खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणा आणि मुलाचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. शाळेची बदनामी होईल, घरचे काय म्हणतील, हे विचार तिथे लागू होत नाहीत. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. मुलाच्या किंवा स्वतःच्या मनःस्थितीबद्दल सल्ला हवा असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

घरच्यांबद्दलही थोडं सांगते. पूर्व भागात कितीतरी घरांत आई दिवसभर विड्या वळते, मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, वडील यंत्रमागावर पाळीने. दुपारी दोनच्या पालकसभेला आई आली नाही म्हणजे तिला पर्वा नाही, असं नसतं. तिचे त्या दिवशीचे हजार पुरे व्हायचे असतात. सभा संध्याकाळी वस्तीतच घ्या, आणि भाषण करण्याऐवजी काठीचा खेळ आयांना खेळायला द्या. त्या मुलांपेक्षा जोरात हसतात आणि जोरात एकमेकींना दोष देतात. मग फक्त एक विनंती करा: मूल रडत घरी आलं तर ‘गप्प बस’ म्हणण्याआधी ‘कुठे दुखतंय, अंगात की मनात?’ एवढं विचारा. हात विड्यांवर चालू असतानाही हे विचारता येतं.

गुण देऊ नका. या विषयाला श्रेणी लावली की मुलं बाईंना आवडेल ते सांगायला लागतात. तुमच्यासाठी एक वही ठेवा. तीत तारीख, खेळ, आणि त्या दिवशी ऐकलेलं एखादं वाक्य. जूनमधली आणि डिसेंबरमधली वाक्यं शेजारी ठेवून मुख्याध्यापकांना दाखवा. ‘मला वाईट वाटलं’पासून ‘मला हेवा वाटला, मग मी पाणी प्यायलो’पर्यंतचा प्रवास त्यांना आकड्यांपेक्षा लवकर पटेल.

येत्या शनिवारी जुन्या तीन चादरी आणि कापडी चेंडू मागवा. बाकं भिंतीला लावा, मार्चनंतर असेल तर सकाळच्या पहिल्या तासालाच घ्या, मैदानात ऊन चढायच्या आत. पहिल्या दिवशी चारही प्रश्न विचारू नका. अंगात कुठे कळलं, एवढाच विचारा आणि जितक्या मुलांना बोलायचंय तितक्यांचंच ऐका. काठी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पुतळे त्यानंतर. एखादं मूल रडलं तर खेळ थांबवायची गरज नाही. त्याच्याजवळ जाऊन खाली बसा, टाइम प्लीज हवाय का विचारा, आणि गोल झाल्यावर त्याला बोलायचं असेल तर पहिली संधी त्याला द्या.